आत किती जण?

हे खरं घडलेलं आहे.

या पेजवर सगळेच असं म्हणून सुरुवात करतात, मला माहीत आहे. मी स्वतः इतरांच्या गोष्टी वाचताना गालातल्या गालात हसतो. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसभावाची आहे आणि त्याच्याकडून ती काढून घ्यायला मला फार चिकाटी लागली. तुम्हाला पटली नाही तर सोडून द्या. मला ती सोडता येत नाही.

आणि हो, वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपार होती... लख्ख ऊन.

जागा म्हणजे शहराबाहेरचं एक मोकळं मैदान. ट्रेलर उभे करायला भाड्याने देतात तसलं. प्रत्येकाला एक सिमेंटचा चौकोन, एक नळ आणि विजेचा एक खांब. बस्स. मध्ये ना भिंत, ना झाड.

आम्ही त्याला दादा म्हणतो. दादा लिफ्टचा मेकॅनिक. भुताचा विषय निघाला की हा माणूस हसतो आणि चष्मा पुसायला घेतो. त्याच्या कामाच्या दोन सवयी तेवढ्या लक्षात ठेवा.

पहिली सवय. कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, दुसऱ्याच्या हातात तर नाहीच. फ्यूज खिशात असला की कोणी कितीही बटणं दाबोत, आपण सुरक्षित.

दुसरी सवय. लिफ्टमध्ये माणसं अडकली की आतून ठोकतात. दादा बाहेरून पान्याने उलट ठोकतो आणि म्हणतो, "आलोय. घाबरू नका. आत किती जण आहेत?" घाबरलेल्या माणसाला आकडा विचारला की तो भानावर येतो, आणि काढताना कोणी मागे राहत नाही. झोपेतून उठवून कोणी ठोकलं तरी दादा हेच बोलेल. वहिनी त्याला यावरून कायम चिडवायची. बाथरूमच्या दारावर ठोकलं तरी हा आतून विचारतो, बाहेर किती जण.

तर हा दादा कायम फिरतीवर. इमारत उभी राहिली की लिफ्ट बसवायला महिनोन्महिने त्या गावात. लग्न झाल्यापासून तो एकीकडे आणि वहिनी दुसरीकडे, असाच संसार. शेवटी वहिनी म्हणाली की आता पुरे झालं, जिथे तुम्ही तिथे मी. म्हणून त्यांनी एक जुना ट्रेलर घेतला. गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत एका टोकाला पलंग, मधे अरुंद वाट, ओटा, दोघांपुरतं टेबल आणि दुसऱ्या टोकाला, मागच्या उजव्या कोपऱ्याला लागून दार.

सगळं छान होतं.

फक्त ते घर हलायचं.

उभा ट्रेलर चाकांच्या स्प्रिंगवर असतो. आत कोणी कूस बदलली तरी डोलतो. आणि वहिनीला कानाच्या आजारपणानंतर तोल सांभाळता येईना झालं होतं. जमीन जराशी हलली की तिला गरगरायचं, उलट्या व्हायच्या. चार दिवस तिने भिंत धरधरून काढले. मग एका सकाळी शांतपणे म्हणाली, "हे थांबलं नाही तर मी ताईकडे जाते." चिडून म्हणाली असती तर दादाने हसण्यावारी नेलं असतं. शांतपणे म्हणाली, म्हणून त्याच्या काळजात धस्स झालं. ही आता गेली तर परत येणार नाही, हे त्याला कळलं.

घर हलू नये म्हणून ट्रेलरच्या चारी कोपऱ्यांना खाली जॅक असतात. हे जॅक ट्रेलर उचलायला नसतात हो, नुसता आधार द्यायला. पाय जमिनीला टेकला की थांबायचं. त्यापुढे फिरवत राहिलं तर कोपरा वर उचलला जातो, सांगाडा पिळला जातो आणि दार चौकटीत घट्ट अडकतं. आतला माणूस आत.

त्या ट्रेलरला तीन कोपऱ्यांना गंजलेले, हँडलने फिरवायचे जॅक होते.

चौथ्या कोपऱ्याला नव्हताच.

मागच्या उजव्या, दाराजवळच्या. तिथे फक्त लाकडी ठोकळे. विकणारा म्हणाला होता, तिथे ठोकळेच ठेवा. का ते त्याने सांगितलं नाही आणि दादाने विचारलं नाही. दादाला दिसलं एवढंच, की पूर्वी तिथे जॅक होता आणि त्याचे बोल्ट खोललेले नव्हते... कटरने कापलेले होते. पान्याने पाच मिनिटांत खोलता येतात असे बोल्ट. ज्याला पाच मिनिटंही थांबता येत नाही, तोच कापतो. पण हा विचार त्याला नंतर सुचला. तेव्हा तो फक्त म्हणाला, कोण गाढव होता देव जाणे.

आणखी एक. दाराच्या खालची रबरी पट्टी आतल्या बाजूने ओरबाडून काढलेली होती. कुत्रं असेल, म्हणून दादाने नवी बसवली.

तर दादाने चार नवेकोरे मोटरवाले जॅक आणले. आत दाराशेजारी बटण, दाबलं की चारी पाय आपोआप खाली. मोटर बंद पडली तर हाताने फिरवायला प्रत्येकाला खालून एक नट. वहिनी म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. पण हसून म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली, त्यामुळे दादाला हुरूप आला.

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तो लागला. जेवणापर्यंत चारी जॅक बसले. बटण दाबलं. तीन पाय गुरगुरत खाली आले आणि टेकले.

चौथा ढिम्म.

मागचा उजवा.

दादा कधी वैतागत नाही. त्याने फ्यूज काढला, शर्टाच्या खिशात टाकला. वहिनी कपड्यांची बादली घेऊन मैदानाच्या पलीकडे धुण्याच्या खोलीकडे निघाली. दादा तिला म्हणाला, तू येईपर्यंत घर दगडासारखं पक्कं करून ठेवतो. आणि पाठीवर सरपटत ट्रेलरखाली गेला.

खाली जागा एवढी कमी की छातीवर वही ठेवली तर वर टेकेल. कुशीवर वळायचं तर खांदा अडतो. बाजूंनी उजेडाची एक पट्टी तेवढी दिसते. दोष त्याला लगेच सापडला. अर्थिंगची वायर रंगावरच बसवलेली होती, लोखंडाला नीट टेकतच नव्हती. स्वतःचीच चूक, सकाळच्या घाईतली. त्याने मोटरच्या दोन्ही वायरी काढून हातात घेतल्या आणि रंग खरवडायला सुरुवात केली.

तेवढ्यात वर पाऊल वाजलं.

पलंगाकडच्या बाजूला.

मग दुसरं...

सावकाश. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. भिंत धरून चालल्यासारखं. प्रत्येक पावलागणिक वरचा पत्रा किंचित खाली यायचा. वजन होतं त्याला. पावलं मधल्या वाटेने आली, दादाच्या तोंडावरून गेली आणि दारापाशी थांबली.

दादाला वाटलं, वहिनी लवकर परत आली. तो म्हणाला, एवढ्यात झाले कपडे? उत्तर नाही. गरगरत असेल, म्हणून त्याने परत विचारलं नाही.

मग वरून ठोकल्याचा आवाज आला.

टक्... टक्...

दाराच्या अगदी खालून. जमिनीवर बसलेल्या माणसाने बोटांच्या सांध्यांनी ठोकावं तसं.

आणि दादाने सवयीने पाना उचलला आणि वरच्या लोखंडावर ठोकला.

"आलोय. घाबरू नका."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. हसतच त्याने मान वळवून उजेडाच्या पट्टीकडे पाहिलं.

लांबून, मैदानाच्या त्या टोकाकडून, वहिनीच्या निळ्या चपला येत होत्या.

हातातली बादली तिच्या पायाला लागत होती.

दादाचं हसू तोंडातच राहिलं. तो मला म्हणाला, ओरडायला हवं होतं रे, आत जाऊ नकोस म्हणून. पण दातखीळ बसली. चपला जवळ आल्या. ट्रेलरच्या दाराखाली जी लोखंडी पायरी असते ती वहिनीच्या वजनाने दबली. "झालं का हो?" असं विचारत ती आत गेली आणि दार तिच्यामागे आपोआप लागलं.

लगेच तो आवाज सुरू झाला.

कुईं... कुईं... कुईं...

मोटरचा नाही. मोटरच्या वायरी तर दादाच्या हातात होत्या. हा आवाज जुन्या जॅकचं गंजलेलं हँडल फिरवताना येतो, तो. आणि दादाच्या डोळ्यांदेखत नव्या जॅकचा पाय खाली यायला लागला. हँडल नाही, हात नाही. पाय एकेक दाता फिरत खाली येत होता.

दादाने हात मागे घेतला म्हणून मनगट वाचलं. बाही नाही वाचली. पायाची लोखंडी पाटी बाहीवर टेकली आणि तिथे थांबायचं सोडून आणखी खाली दाबत राहिली. दगडाखाली हात सापडणे आपण नुसतं बोलायला वापरतो. दादाला त्या दिवशी त्याचा अर्थ कळला. कामाचा जाड डगला, गळ्यापर्यंत बटणं, पाठीखाली सिमेंट, नाकावर पत्रा. डगला काढायला जागा नाही. बाही फाटत नव्हती.

कोपरा वर उचलला गेला. सगळा सांगाडा कण्हला.

आणि वरून वहिनीचा आवाज आला.

"अहो... दार उघडत नाहीये."

दादाने तिला हँडल दाबून खांदा मारायला सांगितलं. तिने मारला. दार हललं नाही. घर तिरकं झालंय, मला गरगरतंय, असं ती म्हणाली. दादाने तिला खाली बसून घ्यायला सांगितलं. फोन आत होता. मैदान दुपारचं ओस. तो ओरडला, पण ट्रेलरखालून मारलेली हाक ट्रेलरखालीच राहते.

वर पावलं वाजत होती. पलंगाकडून मधल्या वाटेने. सावकाश.

"अगं, चालू नकोस. बस म्हटलं ना."

"मी बसलेच आहे," वहिनी म्हणाली. "दाराशी."

पावलं थांबली.

नंतर पुन्हा सुरू झाली.

पलंगामागची मोठी खिडकी संकटात बाहेर पडण्यासाठीच असते. दादाने तिला सांगितलं, रांगत जा आणि खिडकीचा लाल खटका ओढ. मग वहिनी अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"नको... मधे वाट नाहीये."

दादाची पाचावर धारण बसली. तरी हात थांबला नाही. मोकळ्या हाताने त्याने पाना उचलला, खालचा नट चाचपला आणि जॅक वर घ्यायला फिरवायला लागला. पाऊण फेरा झाला. आणि पाना त्याच्या हातात उलटा फिरला. त्याने पुन्हा जोर लावला. पलीकडून कोणीतरी तेवढाच जोर लावला. वरून वहिनीचं ओकणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. दादाने तिला हाका मारल्या. ती ओ देईना.

तो मला म्हणाला, त्या वेळी मी देवाचं नाव नाही घेतलं. मला दुसरं काही येतच नाही रे. मला जे येतं ते मी केलं.

त्याने पान्याने वर ठोकलं.

"आत किती जण आहेत?"

दादाने पाना तसाच वर धरून ठेवला.

मग अगदी दाराखालून...

टक्...

टक्...

दोन.

आणि वहिनीचा आवाज आला, झोपेतून बोलल्यासारखा. "ठोकलं ते मी नाही."

दादाच्या डोळ्यांसमोर तेव्हा ते कापलेले बोल्ट आले. आणि ती आतून ओरबाडलेली पट्टी. बाहेर कोणीतरी कटर घेऊन धडपडलं होतं. आत कोणीतरी ठोकत होतं. आणि बाहेरच्याला उशीर झाला होता. भीती गेली नाही, पण भीतीबरोबर त्याला वाईट वाटलं. कामावर असताना वाटतं तसं.

तो म्हणाला, "ऐका. दोघींनाही काढतो. कोणालाही आत ठेवून जाणार नाही. पण जोर लावू नका. मला हे फिरवू द्या."

हे "दोघींनाही" त्याच्या तोंडून कसं आलं, त्याला आजही सांगता येत नाही.

पाना हलका झाला.

लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. पाय वर गेला, बाही सुटली, वरचा सांगाडा सुस्कारा टाकून जागेवर बसला. दादा सरपटत बाहेर आला आणि दाराकडे धावला. दार नुसत्या बोटाने उघडलं.

वहिनी दाराशीच बसलेली होती. भिंतीला न टेकता, अंग चोरून. शेजारी कोणाला तरी जागा द्यावी तशी. आत दुसरं कोणी दिसत नव्हतं. दादाने तिला उठवलं, हाताला धरून खाली आणलं. तिचं पाऊल पडलं तशी पायरी दबली आणि वर आली.

दादाने दार सोडलं नाही. शब्द दिला होता.

वहिनी सिमेंटवर उभी होती. पायरीवर कोणी नव्हतं.

पायरी दबली...

आणि वर आली.

मग दादाने दार लावलं. त्या ट्रेलरमध्ये ते पुन्हा राहिले नाहीत. संध्याकाळी त्याने विकणाऱ्याला फोन केला. काही विचारायच्या आत त्या माणसानेच विचारलं, "तिथे परत जॅक लावलात का?" दादा हो म्हणाला. पलीकडे कोणीतरी रडायला लागलं आणि फोन कट झाला. पुन्हा कधी लागला नाही. ट्रेलर दादाने भंगारात दिला. द्यायच्या आधी त्याचं दार स्वतः काढून वेगळं ठेवलं.

शर्टाच्या खिशात फ्यूज तसाच होता. तो अजून त्याच्याकडे आहे. मी पाहिलाय.

वहिनी ताईकडे गेली नाही. दादा जिथे जातो तिथे तळमजल्यावरची खोली घेतात आणि दोघं राहतात. भांडतात, हसतात. त्या दुपारबद्दल ती आजवर एकदाच बोलली, माझ्या आईजवळ. म्हणाली, "शेवटी ती माझ्याशेजारी येऊन बसली हो मावशी. तिलाही गरगरत होतं."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती विसरलो असतो.

गेल्या महिन्यात दादा आमच्याकडे आला होता. मी खालून दूध घेऊन येत होतो आणि आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. दिवे चालू होते. मी मुळीच घाबरलो नाही. घरात मेकॅनिक पाहुणा आलेला असताना कोण घाबरेल? मी फोन केला. थोड्या वेळाने बाहेरून पान्याचा आवाज आला.

"आलोय. घाबरू नकोस."

मी वाट पाहिली. पुढचा प्रश्न आला नाही.

मला चेष्टा सुचली. मी आतून ओरडलो, "दादा, आत किती जण ते नाही विचारलंस?"

तो म्हणाला, "आता नाही विचारत."

त्याने वरची मोटर हाताने फिरवून लिफ्ट मजल्याला लावली, दार सरकवलं. मी बाहेर पाऊल टाकलं. माझं वजन उतरलं तशी लिफ्ट दोरावर किंचित वर उचलली गेली. असं होतंच. मी हसत वळलो, दुधाची पिशवी त्याला दाखवली.

दादा माझ्याकडे बघत नव्हता. दार धरून उभा होता. जरा बाजूला सरकून... कोणाला वाट द्यावी तसा.

लिफ्ट पुन्हा एकदा किंचित वर उचलली गेली.

मग त्याने दार सोडलं.

मी आत एकटाच होतो. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

तेव्हापासून मी जिन्याने जातो.